मास्तरांनी घेतलेलं धामणीचं माप

आमच्या मास्तरांनी आयुष्यात कुणाला एक अक्षर शिकवलेलं नाही. ते शिंपी. शिंप्याला मास्तर म्हणतात म्हणून हे मास्तर. मी ज्या गावच्या शाळेत शिकलो तिथले मास्तर छडीने मापं काढायचे, हे टेपने काढतात, आणि दोघांच्याही हाताखालून गेलेला माणूस पुढे बरेच दिवस ताठ चालतो.

दुकान म्हणाल तर बेकरी आणि सायकल दुरुस्तीवाला यांच्या मधली एक चिंचोळी खोली. आत शिलाई मशीन, कापायचं टेबल, टेबलाखाली चिंध्यांचं पोतं आणि भिंतीला एक आरसा. हा आरसा माणसाला जरा बारीक दाखवतो. "तिरका टांगलाय म्हणून तसं दिसतं," असं मास्तर सांगतात. तिरका कुणी टांगला, ते सांगत नाहीत. टेप कायम गळ्यात, तीही साध्या टेपच्या दुप्पट लांब. वहिनी, म्हणजे मास्तरांच्या मंडळी, मला म्हणतात, "भावोजी, यांनी झोपेत कूस बदलली की फास मला बसतो."

रस्त्याने माणूस गेला की मास्तरांना चेहऱ्याआधी खांदे दिसतात. कोण आलं ते विचारा, नाव आठवणार नाही. पण डावा खांदा उतरलाय आणि पोट मागच्या वर्षीपेक्षा पुढे आलंय, हे पाठमोऱ्या माणसावरूनही सांगतील. कोपऱ्यावर रेडिमेड कपड्यांचं काचेचं दुकान झालं तेव्हा सगळ्यांना वाटलं, मास्तरांचं आता अवघड आहे. मास्तर म्हणाले, "तिथे माणूस कपड्यात बसवतात. मी कपडा माणसावर बसवतो. माझं माप चुकत नाही." खरं सांगायचं तर त्या खोलीत भाड्याच्या मशीनपेक्षा जास्त काम हे एक वाक्य करायचं.

असा हा माणूस, पण थंडी ओसरली आणि झाडांना कोवळी पालवी फुटली की त्याचं चित्त मशीनवर राहत नाही. मग दुकान उघडायच्या आधी आम्ही दोघं ओढ्याकाठच्या पायवाटेने निघतो. मला चालायला डॉक्टरांनी सांगितलंय. मास्तरांना कुणी सांगितलेलं नाही, आणि ते चालतही नाहीत. दहा पावलं टाकतात आणि थांबतात.

एक फुलपाखरू पंख मिटून बसलेलं असतं, वाळक्या पानासारखं मातकट. ते पंख उघडतं आणि आत निळंशार निघतं. मास्तर थांबले. "बघा दादा. भारी कापड अस्तराला लावलंय, साधं बाहेर ठेवलंय. हा घरंदाज माणूस. आपल्याकडे बाहेर रेशीम आणि आत गोणपाट." पुढे खंड्या पाण्यावरून सुळकन जातो. मास्तर परत थांबले. "या निळ्याचा दोरा मिळत नाही. सगळी दुकानं पालथी घातली." कशाला घातली, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं, आणि दुकान उघडायला दुपार झाली असती.

वाटेवर एक जाळी आहे. काटेरी झुडपं एकमेकांत गुंतून झालेली अशी दाटी, की आत हात घालायची सोय नाही. म्हणूनच पाखरांना ती फार आवडते. तिथे पानं शिवून घरटं करणारा शिंपी पक्षी राहतो. तुम्हाला वाटेल, मास्तरांचा त्याच्यावर जीव असणार. छे हो! दोन शिंप्यांचं एका गल्लीत कधी पटलंय? चष्मा कपाळावर सरकवून घरट्याकडे बघतील आणि म्हणतील, "टाका लांब आहे. धुण्यात उसवेल."

"अहो, पण तो घरटं धुतो कुठे?"

"म्हणून तर चाललंय त्याचं!"

एवढं बोलून झालं तरी रोज सकाळी पहिली धाव त्या घरट्याकडेच. टाका उसवला का, ते बघायला, असं म्हणतात. ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय काही माणसांना जन्मजात असते.

तर त्याच जाळीच्या बुडाशी एका सकाळी कात सापडली. सापाने टाकलेली, तोंडापासून शेपटीपर्यंत अखंड. तिथे एक धामण आहे, ती आम्हाला अधूनमधून दिसायची. बिनविषारी जनावर. उंदीर खाते आणि माणसाला बघून आपणच पळते. मास्तरांनी दोन्ही गुडघे टेकले.

"शिवण नाही, दादा! अख्ख्या अंगाला कुठे शिवण नाही! आणि काढलाय कसा बघा, उलटा करून. सदरा काढताना बाही उलटी होते ना, तसा. आमची गिऱ्हाइकं असाच ओढून काढतात आणि वर म्हणतात, मास्तर, काखेत उसवला."

मग त्यांनी कात एका सपाट दगडावर पसरली. कापडावरून फिरवतात तसा तिच्यावरून हात फिरवला, सुरकुत्या काढल्या, दोन्ही टोकं हलकेच ओढून सारखी केली आणि गळ्यातली टेप लावली. सात फूट भरली. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, सात.

"नऊ," मास्तर म्हणाले.

"मास्तर, टेप सात दाखवतेय."

"सातच आहे. पण नऊ धरा. वाढतं अंग आहे."

आता यात त्या बिचाऱ्याचा दोष नाही. सगळी हयात आयांनी दुकानात पोरं आणून उभी केली आणि सांगितलं, मास्तर, वाढत्या अंगाचं शिवा. टेपवर जो आकडा येतो तो तोंडातून तसा बाहेर पडतच नाही, वाटेत त्याला चार बोटं जास्त लागतात. तशी ती धामणीलाही लागली. फक्त ती लांब असल्यामुळे तिला दोन फूट लागले, इतकंच.

बरं, कात घरी आणून कपाटात ठेवावी की नाही? ती त्यांनी दुकानात दर्शनी भागात हँगरला लावली. एका बाजूला कोट, एका बाजूला विजार आणि मधे कात. वहिनी म्हणाल्या, "काढा ते आधी. गिऱ्हाईक पळेल." गिऱ्हाईक पळालं नाही, उलट दारात गर्दी झाली. त्या गर्दीत बेकरीवाले शेठ सगळ्यात पुढे.

या शेठची ओळख करून द्यायला हवी. अंगाने भरलेले आणि आवाजाने त्याहून. भट्टीतून पाव निघाले की ते मास्तरांच्या उंबऱ्याला येऊन टेकतात आणि जगाची व्यवस्था लावतात. वस्तीच्या समितीचे ते अध्यक्ष आहेत, आणि अध्यक्षाला काहीतरी काम पाहिजे असतं.

"मास्तर, हे काय?"

"धामणीचा जुना सदरा."

"केवढी आहे?"

"नऊ फूट."

मी खोकलो. मास्तरांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"नक्की नऊ?"

"शेठ, माझी टेप आहे. तुमचा कोट कुणी मापला?"

शेठच्या अंगावर तोच कोट होता. मधलं बटण केवळ भिडेखातर टिकून होतं. पण कोटाची तारीफ त्यांनी गावभर स्वतःच केलेली. "मग नऊच," असं म्हणून ते गेले.

पुढे काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. नऊ फुटांची कुणी दहा केली. सायकलवाल्याने तिच्या डोळ्यांत उजेड पाहिला. पलीकडच्या गल्लीतलं एक मांजर दिसेनासं झालं होतं, ते तिच्या पोटात गेलं असं सर्वानुमते ठरलं. मांजर परत आलं तेव्हा कुणालाच आनंद झाला नाही. मग एकाने पुस्तक उघडून सांगितलं, की धामण सहसा नऊ फूट होत नाही. आता यावरून मास्तरांचं माप चुकलं असेल, असं एखाद्याच्या तरी मनात यावं? नाही आलं. मास्तरांच्या नावाला केवढा मान, बघा! उलट असं ठरलं, की माप बरोबर आहे म्हणजे ती धामणच नाही. दुसरंच काहीतरी आहे. मोठं आहे आणि विषारीही असणार.

मास्तर हे सगळं ऐकून मिशीत हसत होते. कुणी हरभऱ्याच्या झाडावर चढवत असेल तर लगेच उतरावं असं कुणाला वाटतं? आणि एके दुपारी शेठ गरम पावाचा पुडा घेऊन आले.

"घ्या मास्तर, तोंड गोड करा. सोमवारी यंत्र येतंय. ओढ्याकाठची जाळी मुळापासून काढतोय. राहिलेलं पेटवून द्यायचं, म्हणजे त्या जनावराला थारा नको. तुमच्या मापावर एका मिनिटात मंजूर झालं बघा सगळं!"

मास्तरांची कात्री उघडी ती उघडीच राहिली. शेठ गेले. पुडा टेबलावर निवत होता.

त्या दिवशी मास्तरांनी एका सदऱ्याची बाही गळ्याला जोडली. वहिनींनी तो सदरा उचलून माझ्यापुढे धरला. "बघा भावोजी. हत्तीने घालायचा असेल तर ठीक आहे." मग मास्तरांकडे वळल्या. "अहो, एवढं काय मनाला लावून घेता? सांगून टाका की सात होती."

"आणि उद्या गिऱ्हाईक विचारेल, मास्तर, सापाच्या मापात दोन फूट वर धरलेत, माझ्या मापात किती? मग मी काय त्या काचेच्या दुकानात जाऊन हँगर पुसू?"

"मग जाऊ द्या जाळी."

 मास्तरांनी बाही उसवायला घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही वाटेला लागलो, पण हे गृहस्थ एकदाही थांबेनात. निळं फुलपाखरू आलं, नेहमीप्रमाणे अस्तर दाखवून गेलं, यांचं लक्ष नाही. मला धाप लागली. जाळीपाशी मात्र उभे राहिले. घरट्यातून तीन चोची वर आल्या होत्या, नुसत्या उघड्या चोची, खाली पिल्लू आहे की नाही कळू नये इतक्या मोठ्या. मास्तरांनी बोट न लावता शिवणीकडे बघितलं. "लांब टाका आहे," ते म्हणाले, "पण धरलाय."

ओढ्यावर छोटा पूल आहे, त्याला बुटका दगडी कठडा. परत फिरताना बघतो तर कठड्यावर धामण ऊन खात पडलेली. सरळ, एखाद्या काठीसारखी. आम्ही जागच्या जागी थिजलो. आणि मी मास्तरांकडे बघितलं, तर त्यांचा चेहरा एकदम उतरलेला. पाठमोऱ्या माणसाचं पोट मोजणारा डोळा तो, त्याला टेप कशाला लागते?

"दादा," ते कुजबुजले, "ही सहासुद्धा नाही."

"पण कात सात भरली की."

मास्तर धुळीत बसले. "ताणली गेली. जनावर बाहेर सरकतं तेव्हाच ती ओढली जाते, त्यात मी वरून हात फिरवून आणखी ओढली. उरेब कापड, म्हणजे तिरकं कापलेलं कापड, ओढलं की वाढतं. ते ओढून मापायचं नाही, हे मी शिकाऊ पोरांना कान धरून सांगत आलो. आणि वर माझे ते वाढत्या अंगाचे दोन फूट!"

"म्हणजे एकूण तीन फूट चुकलं."

"मोठ्याने बोलू नका," मास्तर म्हणाले. धामणीशिवाय तिथे ऐकायला कुणी नव्हतं.

रविवारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत समितीची बैठक होती. मास्तर बैठकीला कधी जात नाहीत. त्या दिवशी गेले, आणि टेप दुकानात ठेवून गेले. मी त्यांची मान पहिल्यांदाच उघडी बघितली; पिसं काढलेल्या कोंबड्यासारखी दिसत होती. यंत्राच्या वेळेचं बोलणं चाललं होतं, तेवढ्यात ते उठले.

"माप चुकलंय."

"कुणाच्या कपड्याचं?" शेठनी विचारलं.

"धामणीचं. ती नऊ फूट नाही. सहाच्या आतली आहे. कात ताणली जाते, ते माझ्या ध्यानात राहिलं नाही. त्यावर दोन फूट मी माझ्या पदरचे घातले, वाढत्या अंगाचे. साधी धामण आहे ती. जाळी तोडायचं कारण नाही."

 मग शेठनी सावकाश आपल्या कोटाच्या मधल्या बटणाला हात लावला. "म्हणजे मास्तर, सापाला तुम्ही वाढत्या अंगाचं माप दिलंत, आणि मला नाही?"

छप्पर उडेल असं हसू झालं. मास्तर हसले नाहीत. लाल झाले, पण बसलेही नाहीत. "शेठ, कोट शिवला तेव्हा बरोबर होता," ते म्हणाले. "पाव तुमचे चांगले होतात, त्याला मी काय करू?"

पुन्हा हसू झालं, पण सायकलवाला म्हणाला, "आधी नऊ, आता सहा. उद्या गांडूळ म्हणतील. यांच्या शब्दावर आता जायचं कसं?" हा घाव बसला. कारण प्रश्न रास्त होता.

शेवटी शेठनी निवाडा दिला. सकाळी यंत्र सुरू व्हायच्या आधी सगळ्यांनी जायचं. मास्तरांनी धामण दाखवायची, सगळ्यांसमक्ष मोजायची. सहाच्या आत भरली तर बघू. नाही तर यंत्र.

"जिवंत धामण मोजायची?" मी बाहेर आल्यावर विचारलं. "ती काय हात वर करून उभी राहणारे?"

"गप्प बसा हो," मास्तर म्हणाले. रात्रभर झोपले नसावेत. सकाळी डोळे लाल होते, पण टेप गळ्यात होती.

समितीने ती वाट पहिल्यांदाच पायाखाली घातली. कुणाच्या हातात काठी, कुणाच्या हातात छत्री, शेठ कोट घालून. असा गलका, की एकूण एक पाखरू उडालं. कठडा रिकामा. वाटेच्या तोंडाशी यंत्र येऊन उभं राहिलं आणि त्याचा चालक बिडी शिलगावून बसला.

"कुठाय तुमची धामण?"

"अहो, एवढ्या आवाजात माणूस यायचा नाही, ती येईल?" मास्तर कळवळून म्हणाले. "ऊन कठड्यावर यायला हवं. आणि तुम्ही सगळे जरा, शेठ, हात जोडतो, जरा बोलायचं थांबा."

बोलायचं थांबा, असं शेठना आजवर कुणी म्हटलं नव्हतं. ते नाराजीने झाडाला टेकून बसले. बाकीचेही बसले. आधी कुणी खाकरलं, कुणी सुस्कारा सोडला, मग हळूहळू ऊन पुलाकडे सरकू लागलं आणि जाळीतले आवाज एकेक परत आले. ते निळं फुलपाखरू कुठून तरी तरंगत आलं आणि शेठच्या ताणलेल्या बटणावर बसलं. पंख उघडले, मिटले, उघडले. शेठनी श्वास रोखून धरला. त्यांचं पोट इतकं आत गेलेलं मी कधी पाहिलं नाही. तेवढ्या वेळापुरता कोट अगदी मापात होता.

मास्तरांनी माझा हात दाबला. धामण आली होती. गवतातून कठड्यावर चढली, उन्हात लांब झाली आणि पडून राहिली. सगळ्यांनी बघितली. काठी उचलायचं कुणालाच सुचलं नाही. धामण जागीच होती तोवर कुणी पापणी हलवली नसेल. मग चालकाने तिकडे खोकला काढला आणि ती पाण्याच्या बाजूला सर्रकन उतरून गेली.

मास्तरांनी खिशातून खडू काढला आणि शेठच्या हातात दिला. "तोंड कुठवर होतं, तुम्हीच खूण करा." शेठनी दगडाच्या चिरेपाशी रेघ मारली. "शेपटीची तुम्ही," असं म्हणून सायकलवाल्याला दिला. त्याने शेवाळाच्या ठिपक्यापाशी मारली. स्वतः मास्तरांनी खडूला हात लावला नाही. टेपचं एक टोक शेठनी धरलं, दुसरं सायकलवाल्याने. सहाला चार बोटं कमी.

शेठनी आकडा दोनदा वाचला. "यात वाढत्या अंगाची किती धरू?"

"काही धरू नका," मास्तर म्हणाले. "आहे तेवढंच सांगा."

यंत्राने वाटेवर आलेल्या फांद्या तेवढ्या छाटल्या आणि ते परत गेलं. काही न करता पाठवलं असतं तर समितीची अब्रू गेली असती. जाळी राहिली. पिल्लं उडाली, त्या दिवशी मास्तरांनी दुकान फार उशिरा उघडलं.

फुकट काहीच होत नाही. दोन-तीन गिऱ्हाइकं काचेच्या दुकानाकडे गेली ती गेलीच. पोरं रस्त्यातून "नऊ फूट!" असं ओरडून पळतात. मास्तर आता माप घेताना आकडा गिऱ्हाइकाला स्वतः वाचायला लावतात. वहिनी म्हणतात, याने निम्म्या गिऱ्हाइकांना आपली पोटं कळली आणि ती रुसली.

पण सगळ्यात मोठा भुर्दंड वेगळाच बसला. शेठना ओढ्याकाठचं वेड लागलं. रोज सकाळी आमच्या आधी वाटेच्या तोंडाशी हजर. कुजबुजायचं असतं हे त्यांना पटलंय, पण त्यांची कुजबुज ओढ्यापलीकडे जाते. कावळा दिसला तरी आमच्या दंडाला धरून "ते काय? ते काय?" चालू. परवा मास्तर त्या घरट्यासमोर चष्मा कपाळावर सरकवून उभे होते आणि मागून शेठ त्यांना शिंपी पक्ष्याची माहिती देत होते, निम्मी चुकीची. मास्तरांनी सगळी ऐकून घेतली. मग माझ्याजवळ सरकून हळूच म्हणाले,

"दादा, याच्यापेक्षा यंत्राचा आवाज कमी होता हो."